लांबचं विमान, लहान मूल आणि ‘मदत मिळेल’ हे आश्वासन

‘लहान मुलांसोबत प्रवास करणाऱ्यांना आमचा क्रू मदत करतो’ हे वाचून तिकीट काढलं असेल, तर या मदतीत काय येतं ते आधी बघा. गरम पाणी, खडूंचा डबा, एखादं जास्तीचं पांघरूण. मूल धरणं त्यात येत नाही. नियमाने साधारण दर 50 आसनांमागे एक कर्मचारी लागतो, आणि तो मुळात विमान रिकामं करायची वेळ आली तर असावा म्हणून. जेवण वाढणारे हात डायपर बदलत नाहीत. ‘दोन मिनिटं धरता का, बाथरूमला जाऊन येते’ याला कोणी हो म्हटलं तर तो त्या माणसाचा चांगुलपणा. त्यावर बेत आखू नका. अबुधाबीच्या एतिहाद या विमान कंपनीने 2013 साली ‘फ्लाइंग नॅनी’ आणल्या, नारिंगी एप्रनवाल्या, ब्रिटनच्या, नॅनी घडवणाऱ्या नॉरलँड कॉलेजच्या मदतीने प्रशिक्षण दिलेल्या. कल्पना छान. पण एप्रनवाली बाई अख्ख्या विमानातल्या मुलांसाठी, फक्त तुमच्या मांडीवरच्यासाठी नाही.

चेक-इन आणि सुरक्षा तपासणी सोपी. बाळाच्या दुधाला 100 मिलीच्या मर्यादेतून सूट असते. वेगळं काढून दाखवा आणि पुढे चला.

पाळण्याचं, म्हणजे आसनासमोरच्या भिंतीला लावायच्या बॅसिनेटचं, मात्र फोनवर नीट करून घ्या. आरक्षणात ‘बीएससीटी’ हा कोड टाकला म्हणजे पाळणा मिळाला असं नाही. पुढची दोन अक्षरं विचारा. एचके असेल तर मान्य झालंय, पीएन असेल तर अजून नुसती विनंती, यूसी म्हणजे नाही. प्रत्येक विमानासाठी वेगळं विचारायचं, कारण पहिल्यात एचके आणि दुसऱ्यात पीएन हे सर्रास होतं. वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी 10 ते 14 किलोच्या दरम्यान असते, पण उंच बाळाचे पाय वजनाच्या आधीच पाळण्याबाहेर येतात. सीटबेल्टचा दिवा लागला की झोपलेलं बाळ उचलून मांडीवर घ्यावंच लागतं. हवा खराब असली तर रात्रभर हेच. भिंतीसमोरच्या त्या रांगेत खुर्चीचे हात वर होत नाहीत आणि उड्डाणाच्या वेळी पिशवी पायाशी ठेवता येत नाही, म्हणून एक डायपर, पुसण्या आणि बाटली खिशात ठेवा. मांडीवरची दोन बाळं असतील तर शेजारी बसायचा हट्ट सोडा: एका गटातल्या आसनांवर सहसा एकच जादा ऑक्सिजन मास्क असतो.

आता विमान बदलण्याबद्दल. अख्ख्या प्रवासातला सगळ्यात वाईट तुकडा हाच, आणि त्याबद्दल कोणी धड सांगत नाही. विमानाच्या दाराशी दिलेली बाबागाडी मधल्या विमानतळावर दाराशी परत मिळेल, असं सगळे धरून चालतात. गाडीच्या टॅगवर शेवटचं शहर लिहिलं असेल तर ती थेट तिकडे जाते, आणि तुम्ही झोपलेलं मूल, दोन पिशव्या आणि पुढचं गेट टर्मिनलच्या दुसऱ्या टोकाला अशा अवस्थेत उभे राहता. काही विमानतळांवर दाराशी द्यायची सोयच नसते; टॅग बरोबर असला तरी गाडी सामानाच्या पट्ट्यावर जाते आणि तो पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे. म्हणून चेक-इनलाच विचारा: ‘मधल्या ठिकाणी दाराशी मिळणार का, आणि टॅगवर तसं लिहिलंय का?’ उत्तर काहीही येवो, अंगाला बांधायचं कॅरिअर बॅगेत न टाकता हाताशी ठेवा. डोक्यावरच्या कप्प्यात बसणारी घडीची गाडी असेल तर उत्तम, पण तिची मापं त्या विमान कंपनीच्या हातसामानाच्या नियमाशी आधीच ताडून बघा.

या तुकड्यासाठी ‘मीट अँड असिस्ट’ विकतात, म्हणजे विमानतळावर भेटून पुढच्या गेटपर्यंत नेणारा माणूस. पैसे भरण्याआधी लेखी विचारा: बॅटरीची गाडी मिळणार का, सामान कोण उचलणार, विमान उशिरा आलं तर माणूस थांबणार का? तिन्ही उत्तरं मोघम असतील तर हातात पाटी धरून तुमच्या पुढे चालणाऱ्या माणसाचे पैसे देऊ नका. पाट्या विमानतळावर फुकट लागलेल्या असतात. दोन विमानांत दोन तासांहून कमी वेळ असलेलं तिकीट मूल घेऊन काढूच नये.

खरी मदत म्हणजे सोबत नेलेला माणूस: आजी, मावशी, नाहीतर पगारी आया. त्यांचं तिकीट त्याच पीएनआरवर आणि त्याच वर्गात काढा. मागच्या वर्गातल्या माणसाला पुढे ये-जा करू देत नाहीत. त्यांच्या पासपोर्टला मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे वेगळं तपासा. मूल कुठल्याही टप्प्यात आई-वडिलांशिवाय त्यांच्याबरोबर जाणार असेल तर दोघांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतिपत्र द्या. आजीसाठी व्हीलचेअर घेतली असेल तर विमानातून त्या शेवटी उतरतात, हे वेळेच्या हिशेबात धरा. आणि दोन मोठी माणसं असतील तर शेजारी बसू नका. एकाने मुलाजवळ, दुसऱ्याने चार रांगा मागे कानात बोळे घालून, तीन-तीन तासांची पाळी. शेजारी बसलं की दोघंही जागे राहतात. क्रूसुद्धा रात्री पाळ्यांनी झोपतो, त्यामुळे मध्यरात्री मदतीला निम्मेच जण असतात.

मुलाला झोपवायला सर्दीचं औषध देऊ नका. काही मुलं त्याने उलट चेकाळतात, आणि मग झोप कोणालाच नाही.

बाटली जमिनीवर भरून घट्ट लावली असेल तर वर गेल्यावर आतली हवा फुगते (केबिनमधला दाब 6 ते 8 हजार फूट उंचीवरचा असतो) आणि बूच काढताच दूध निपलमधून उडतं. आधी बाटली उभी धरून झाकण अर्धा फेरा सैल करा, मग घट्ट करून द्या. कान दुखतात ते जास्त करून उतरताना. चाकं टेकायच्या साधारण अर्धा तास आधी विमान खाली येऊ लागतं, तेव्हाच मुलाला उठवून पाजा. शेवटी शेवटी क्रू स्वतः पट्टा लावून बसतो, त्यामुळे गरम पाणी त्याआधीच मागून ठेवा.

मुक्कामी बाबागाडी बऱ्याचदा नेहमीच्या पट्ट्यावर येत नाही. मोठ्या आकाराच्या सामानाचा दरवाजा कोपऱ्यात कुठेतरी असतो, तिथे आधी जाऊन बघा.