तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्र नाही, शेजारी आठ

सुट्टीत पुण्याला आलो की मी राहतो त्या लुसाकाबद्दलचे, म्हणजे झांबियाच्या राजधानीबद्दलचे, प्रश्न ठरलेले असतात. सिंह दिसतात का, भाज्या कुठल्या मिळतात, आणि नकाशा पाहिलेला कुणी असलाच तर तिसरा: "झांबियाला समुद्रच नाही म्हणे. मग शेजाऱ्यांपुढे मान तुकवूनच राहावं लागत असेल ना? आपल्या नेपाळसारखं?" पहिल्या दोघांची उत्तरं चहा होईपर्यंत देऊन होतात. तिसऱ्याचं काही होत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

माझा धंदा पंप आणि त्यांच्या सुट्या भागांचा. न्हावा शेव्याहून कंटेनर निघायच्या आधी तो आफ्रिकेत कुठे उतरवायचा हे ठरवावं लागतं. टांझानियातलं दार-ए-सलाम, मोझांबिकमधलं बेइरा, दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन, किंवा पार अटलांटिकच्या बाजूला नामिबियातलं वॉल्विस बे. ठरवताना नुसतं भाडं बघून चालत नाही. २०२४च्या निवडणुकीनंतर मोझांबिक पेटलं तेव्हा बेइराचं नाव कुणी काढेना. कुठे निवडणूक आहे, कुठे संप आहे, कुठल्या सीमेवर ट्रक अडकलेत, हे आमच्या क्लिअरिंग एजंटला परराष्ट्र खात्याच्या आधी कळतं असं मी गमतीने म्हणतो. गंमत फार थोडी आहे त्यात.

नेपाळशी तुलना इथेच मोडते. नेपाळला शेजारी दोन, आणि त्यातल्या एकाच्या वाटेत हिमालय. झांबियाला आठ: काँगो, टांझानिया, मलावी, मोझांबिक, झिंबाब्वे, बोत्स्वाना, नामिबिया आणि अंगोला. एक दार बंद झालं तर दुसरं ठोठावता येतं, निदान कागदावर तरी. पण १९६४च्या ऑक्टोबरमध्ये हा देश स्वतंत्र झाला तेव्हा कामाचं दार जवळजवळ एकच होतं, आणि ते नेमकं चुकीच्या माणसाच्या हातात होतं.

तेव्हाची स्थिती अशी. निर्यातीतला नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा तांब्याचा. ते मुख्यतः ज्या रेल्वेने बाहेर जायचं ती दक्षिणेला ऱ्होडेशियातून, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतून, जाणारी. रेल्वेचं मुख्यालय तिथल्याच बुलावायोला. खाणींना लागणारा कोळसा ऱ्होडेशियातल्या वान्कीचा. तेलही तिकडूनच. करिबा धरण दोघांच्या सामाईक नदीवर, पण वीजघर बांधलं पलीकडच्या काठावर. इंग्रजांनी १९५३ ते १९६३ या काळात दोन्ही ऱ्होडेशिया (उत्तरेचा म्हणजे आजचा झांबिया) आणि न्यासालँड (आजचं मलावी) मिळून एक संघराज्य चालवलं होतं. त्यात तांब्याचा पैसा उत्तरेचा आणि थाटमाट दक्षिणेतल्या सॅलिसबरीचा, म्हणजे आजच्या हरारेचा, ही तक्रार तेव्हापासूनची.

नोव्हेंबर १९६५मध्ये इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारने ऱ्होडेशियाचं स्वातंत्र्य परस्पर जाहीर केलं. ब्रिटनने ऱ्होडेशियाचं तेल तोडलं, स्मिथने झांबियाचं तोडलं. वर्षभराच्या देशापुढे सरळ हिशोब होता: गप्प बसा आणि तांबं विका. अध्यक्ष केनेथ कौंडांनी गप्प बसायचं नाकारलं. मग ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाच्या विमानांतून पिंपांत भरलेलं तेल यायला लागलं. दार-ए-सलामहून येणाऱ्या कच्च्या रस्त्यावर तेलाचे ट्रक धावायला लागले. त्या रस्त्याला ड्रायव्हरांनी नरकाचं नाव दिलं होतं, आणि पावसाळ्यात ते त्याला शोभत असे. १९६८ला दार-ए-सलाम ते झांबियातलं न्डोला अशी १,७१० किलोमीटरची तेलवाहिनी पुरी झाली. ती आजही वापरात आहे.

रेल्वेची गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेल. जागतिक बँकेने आणि पाश्चात्त्य देशांनी हा मार्ग परवडणारा नाही म्हणून हात वर केले. चीन तेव्हा स्वतःच गरीब, पण त्याने बिनव्याजी कर्ज दिलं, माणसं दिली, आणि १९७० ते १९७५ या काळात दार-ए-सलामपासून झांबियातल्या कापिरी म्पोशीपर्यंत १,८६० किलोमीटरचा लोहमार्ग टाकला. त्याचं नाव ताझारा. लोक याकडे चीनची आफ्रिकेतली पहिली मोठी चाल म्हणून बघतात. लुसाकात बसून बघितलं तर ती टांझानियाशी केलेली सोयरीक जास्त दिसते. कौंडा आणि टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे या दोघांचं जमलं नसतं, तर चीनला रूळ टाकायला जमीन कुठली?

खरी कसोटी १९७३च्या जानेवारीत आली. झांबियातून गनिमी येतात म्हणून स्मिथने सीमा बंद केली, फक्त तांब्याला वाट ठेवली, कारण त्याच्या भाड्याचा पैसा त्याच्याच रेल्वेला मिळत होता. कौंडांनी तांबंही पाठवायचं थांबवलं. महिन्याभरात स्मिथने सीमा पुन्हा खुली केल्याचं जाहीर केलं. कौंडांनी आपल्या बाजूचं फाटक उघडलंच नाही. ते बंद राहिलं १९७८च्या ऑक्टोबरपर्यंत.

या पाच वर्षांबद्दल मला दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि पुण्यात कुणी घाईने "वा, काय बाणेदारपणा!" म्हणालं की मी जरा थांबवतो. १९७५ला अंगोलात यादवी पेटली आणि अटलांटिककडे जाणारी बेंग्वेला रेल्वे बंद पडली. त्याच सुमारास तांब्याचे भाव कोसळले. उरलं दार-ए-सलाम, तिथे माल तुंबलेला, नव्या रेल्वेला इंजिनं पुरेनात. १९७८ला पेरणी तोंडावर आली तरी खत येईना. मका हे इथलं पोट. न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, पानात नसेल तर इथल्या माणसाला जेवल्यासारखंच वाटत नाही. शेवटी खतासाठी कौंडांना त्याच दक्षिणेच्या रेल्वेचं फाटक उघडावं लागलं. बाणेदारपणाचं बिल खेड्यांनी भरलं. भाषणं लुसाकात झाली.

आणि फाटक उघडलं म्हणून स्मिथ काही निवळला नाही. दोनच आठवड्यांत ऱ्होडेशियाची विमानं लुसाकाजवळ, स्मिथविरुद्ध लढणाऱ्या गनिमांचे नेते जोशुआ एन्कोमो यांच्या छावणीवर आली. हल्ला चालू असताना त्यांच्या वैमानिकाने लुसाका विमानतळाच्या नियंत्रण कक्षाला थेट सांगितलं, आमचं भांडण तुमच्याशी नाही, तेवढा वेळ तुमची विमानं वर येऊ देऊ नका. परक्या देशाच्या राजधानीवर येऊन तिच्याच विमानतळाला सूचना द्यायच्या! १९७९ला तर त्यांनी ताझाराचा चांबेशी नदीवरचा पूलच उडवला.

तरीही कौंडा नुसते हट्टी होते असं कुणी म्हणू नये. १९७५च्या ऑगस्टमध्ये व्हिक्टोरिया धबधब्याच्या पुलावर आगगाडीचा डबा उभा करून बोलणी झाली होती. स्मिथ त्याच्या बाजूला, कृष्णवर्णीय नेते झांबियाच्या बाजूला, कारण कुणी कुणाच्या हद्दीत यायला तयार नाही. ती घडवून आणणारे दोघे म्हणजे कौंडा आणि दक्षिण आफ्रिकेचे वर्णद्वेषी पंतप्रधान फॉर्स्टर. ज्याच्याशी वैर त्याच्याच बरोबर बसून मध्यस्थी. बोलणी फिसकटली, पण झांबियाची रीत त्यात दिसते: भांडायचं, आणि बोलणं चालू ठेवायचं. १९७९ला राष्ट्रकुलाची परिषद लुसाकात भरली, तिथे झिंबाब्वेच्या स्वातंत्र्याची वाट ठरली. पुढे १९९४चा अंगोलाचा शांतता करार आणि १९९९चा काँगोचा युद्धबंदी करार, दोन्हींच्या नावात लुसाका आहे. ज्याने स्वतः झळ सोसली त्याच्या घरी बोलणी करायला लोक येतात, एवढी मिळकत त्या पाच वर्षांच्या खात्यात मी जमा धरतो.

मलावीचं एक सांगायलाच हवं, त्याचा माझ्या पंपांशी काही संबंध नसला तरी. तिथले अध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा दक्षिण आफ्रिकेशी उघड राजनैतिक संबंध ठेवणारे, आणि १९६८ला त्यांनी झांबियाच्या पूर्व भागावर हक्क सांगितला. कौंडा भडकले. गंमत अशी की कौंडांचे वडील मूळचे न्यासालँडचेच, म्हणजे आजच्या मलावीचे, धर्मप्रसारासाठी इकडे आलेले. सत्तावीस वर्षं राज्य करून कौंडा १९९१ला हरले. १९९६ला घटना बदलली: अध्यक्षपदाच्या उमेदवाराचे आईवडील दोघेही झांबियाचेच हवेत. १९९९ला एका न्यायालयाने तर या राष्ट्रपित्याला कुठल्याच देशाचा नागरिक नाही असं ठरवलं. पुढे ते निस्तरलं. पण सीमा किती अलीकडच्या आणि नाती किती जुनी, हे इथे रोज दिसतं. शेजारच्या देशात मामा, मावशी, चुलते नाहीत असं सीमेवरचं कुटुंब सापडणं अवघड.

आता काझुंगुला. झांबिया आणि बोत्स्वाना यांची सीमा झांबेझी नदीत जेमतेम दीडशे मीटरची आहे. १९७०ला, तेव्हा नामिबियावर ताबा असलेल्या दक्षिण आफ्रिकेने म्हटलं की अशी सीमाच नाही, चार देश एका बिंदूत मिळतात, तेव्हा तुमची फेरी बेकायदा. बोत्स्वाना मागे हटला नाही. पुढे ऱ्होडेशियाच्या सैन्याने ती फेरी बुडवली. नंतर अनेक वर्षं ट्रक तराफ्यावरून एकेक करून पलीकडे जायचे आणि काठावर रांगेत दिवसचे दिवस कुजायचे. २०२१च्या मे महिन्यात तिथे ९२३ मीटरचा पूल सुरू झाला. तो सरळ नाही, बाकदार आहे, कारण सरळ नेला असता तर झिंबाब्वेच्या हद्दीत शिरला असता. मी त्यावरून गेलो तेव्हा ड्रायव्हरने मला वाकडेपणाचं कारण सांगितलं, आणि मग हसून म्हणाला, "बॉस, वळण घेतलं, पण पोचलो ना?"

एवढं ऐकून लोक म्हणतात, म्हणजे झांबिया कायम दुसऱ्याच्या दारात उभा. अर्धंच खरं. काँगोकडे बघा. काँगोला समुद्रकिनारा आहे, चिमूटभर का होईना, पण तिथलं तांबं आणि कोबाल्ट दक्षिण टोकाला कटांगात, किनाऱ्यापासून फार दूर. ते बाहेर निघतं मोठ्या प्रमाणात झांबियातूनच, कासुम्बलेसाच्या नाक्यावरून. त्या नाक्यावरची ट्रकांची रांग हा माझ्या धंद्यातला कायमचा विषय आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये काँगोने झांबियाची बिअर आणि शीतपेयं घेणं बंद केलं. पलीकडे निदर्शनं झाली. झांबियाने काँगोच्या सीमेवरचे नाके बंद केले. बाटलीबंद पेयांवरून सुरू झालेलं भांडण आणि त्यात जगाच्या बॅटऱ्यांचा कच्चा माल अडकलेला! काही दिवसांतच मंत्री बसले, बोलले, नाके उघडले. स्मिथने जे झांबियाशी केलं त्याची ही सौम्य आवृत्ती, फक्त किल्ली या खेपेला झांबियाच्या हातात होती. लुसाकातल्या व्यापाऱ्यांना याचा आनंद झाल्याचं मी पाहिलं. मला तो फारसा आवडला नाही, पण समजला.

झिंबाब्वेशी आज कसं आहे, तर घरोबाही आणि कुरबुरही. दोघांच्या सीमेवरच्या चिरुंडूला २००९पासून दोन्ही देशांची तपासणी एकाच ठिकाणी होते, आफ्रिकेतला तसला पहिला नाका तो. करिबाचं पाणी दोघे मिळून वाटून घेतात, आणि दुष्काळात ते आटलं की दोन्हीकडे सारखाच अंधार. पण २०२३च्या झिंबाब्वेच्या निवडणुकीवर प्रादेशिक संघटनेच्या निरीक्षक मंडळाने टीका केली, त्याचे प्रमुख झांबियाचे माजी उपाध्यक्ष, आणि हरारेवाल्यांचा पारा चढला तो चढलाच. पुढल्या वर्षी झिंबाब्वेच्या अध्यक्षांनी पुतिन यांच्यासमोर, अमेरिका झांबियाचं लष्करी बळ वाढवतेय अशी तक्रार केली. इकडे ट्रक मात्र चिरुंडूवरून जातच होते.

राहता राहिला, झांबिया कुणाच्या बाजूला, चीन की अमेरिका, हा लोक मागाहून जोडतात तो प्रश्न. ताझारा मोडकळीला आली आहे, ती दुरुस्त करून चालवायला चीन पुढे आला आहे. अंगोलातल्या लोबितो बंदरापर्यंतच्या रेल्वेला झांबियातून नवा फाटा जोडायची योजना अमेरिका आणि युरोपच्या पाठिंब्याने चालली आहे. एक हिंदी महासागराकडे, दुसरी अटलांटिककडे. लुसाका दोघांनाही हो म्हणतं, आणि १९६५ला एकच दार असल्याची किंमत मोजलेल्या देशाने दुसरं काय म्हणावं? रूळ होतील तेव्हा होतील. सध्या तांबं बहुतेक ट्रकनेच जातं, आणि माझा पुढचा कंटेनर दार-ए-सलामला उतरून टांझानियाच्या सीमेवरच्या तुंदुमा-नाकोंडेच्या नाक्यावरून येईल, रांग कमी असली तर.