पाटीवर नसलेलं

खोली दुपारी एकच्या आधी मिळणार नाही आणि सॅक ठेवून घ्यायलाही जागा नाही, असं हॉस्टेलच्या पोऱ्याने सकाळी सातला हसतहसत सांगितलं. त्यामुळे चाळीस लिटरचं बिऱ्हाड पाठीवर घेऊनच मी एर्नाकुलमच्या जेट्टीवर आले. फोर्ट कोचीच्या सरकारी बोटीचं तिकीट चहापेक्षा स्वस्त. बोटीत सॅक मांडीवर घेऊन बसले तर तिचा अर्धा भाग शेजारच्या आजोबांच्या मांडीवर. त्यांनी काही न बोलता बोट धक्क्याला लागेपर्यंत तो सांभाळला.

उतरल्यावर पहिलं काम म्हणजे फोर्ट शोधणं. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला 'फोर्ट' म्हटलं की पिंढऱ्या आपोआप तयारीला लागतात. इथे चढायला काहीच नाही! पोर्तुगीजांनी किल्ला बांधला, डचांनी १६६३ मध्ये तो घेतला, १७९५ मध्ये इंग्रज आले आणि पुढे त्यांनी तो पाडून टाकला. किनाऱ्यावर थोडे दगड उरलेत. गावाचं नाव मात्र अजून फोर्ट कोची.

मग चिनी जाळी. लाकडाच्या लांबलचक दांड्यांवर टांगलेलं भलंमोठं जाळं, मागच्या बाजूला दोरांना बांधलेले धोंडे. एकजण मधल्या दांडीवरून पाण्याच्या दिशेने चालत जातो तसं जाळं खाली झुकतं. मग चार-पाच जण दोर ओढून ते वर काढतात. आपल्या विहिरीवरच्या ओकतीचं हे अवाढव्य भावंड. चीनमधून ही जाळी कुणी आणली याच्या दोन-तीन कथा ऐकायला मिळतात. ओढणारे मात्र सगळे मल्याळी. त्यांनी मलाही दोर धरायला बोलावलं. सॅकसकट ओढला. वर आले मूठभर मासे आणि बरंचसं शेवाळ. फोटो झाला, बक्षिसी झाली. मला वाटतं, त्या दिवशी जाळ्यात सापडलेला सगळ्यात मोठा मासा मीच.

सेंट फ्रान्सिस चर्च १५०३ सालचं, म्हणजे मूळचं लाकडी. छताखाली दोरीने ओढायचे जुने झालरीचे पंखे अजून आहेत. त्यांचे दोर बाहेर जात, आणि बाहेर उन्हात बसून कुणीतरी ते ओढत असे, आतल्यांना वारा मिळावा म्हणून. वास्को द गामाच्या थडग्यापेक्षा मी त्या पंख्यांकडेच जास्त वेळ बघत बसले. तसंही थडग्यात वास्को नाहीच. तो १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत वारला, आणि काही वर्षांनी त्याची हाडं पोर्तुगालला नेली. मागे राहिला तो दगड आणि भोवतीचं कुंपण. लोक त्याचेही फोटो काढतात. मीही काढला.

एव्हाना दिवसाची गोम लक्षात आली होती. या गावात पाटीवर जे लिहिलंय ते सोडून बाकी सगळं असतं. मट्टनचेरीचा 'डच पॅलेस' बांधला पोर्तुगीजांनी, १५५५ च्या सुमाराला, आणि राजाला नजर केला. डचांनी पुढे डागडुजी केली, तर नाव त्यांचं. आतल्या भिंतींवर रामायण. ज्यू टाऊनमध्ये आता हाताच्या बोटांइतकीही ज्यू माणसं राहिली नाहीत. बहुतेक जण १९४८ नंतर इस्रायलला गेले. सिनेगॉग मात्र १५६८ पासून उभं आहे, आणि त्याची जमीन चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्यांची. चपला बाहेर, सॅकही बाहेर. पाठीला तेवढाच विसावा. अनवाणी पायांना फरशी इतकी गार लागली की त्यावरची नक्षी बघायची मी विसरलेच.

तिथून बाजारातल्या वखारींपुढून चालले. सुंठेचा आणि मिऱ्याचा वास नाकात बसला. ज्यापायी ही सगळी मंडळी इथवर आली तो माल अजून पोत्यांत भरला जातोय, आणि त्याला पाटीची गरज नाही.

पुढे चेरलाईकडे एका बोळात दोन बायका बोलत उभ्या होत्या. मल्याळम नव्हतं. कानाला शब्द लागत होते, पण वाक्य हातात येईना. रेडिओचं स्टेशन जरासं सरकल्यासारखं. मग उजेड पडला: कोकणी! पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेली कुटुंबं इथे स्थिरावली, हे वाचलं होतं. इथल्या झाडापाल्यावर डच गव्हर्नर व्हॅन रीड याने 'हॉर्टस मलबारिकस' नावाचा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ करवून घेतला. त्यासाठी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी दिलेली साक्ष त्यात नागरी लिपीत छापलेली आहे. ॲमस्टरडॅममध्ये, १६७८ साली! त्यांची भाषा या बोळात अजून बोलली जात होती, आणि पर्यटकांच्या नकाशावर तिचा उल्लेखही नव्हता.

मी मराठीत देवळाची वाट विचारली. थोरल्या बाईंनी मला आणि सॅकला खालीवर न्याहाळलं. वाट राहिली बाजूला.

"जेवण जाल्लें?"

मी मान हलवली आणि सॅक उतरवून त्यांच्या पायरीवर ठेवली.