'टेक'ला एक पान पुरत नाही

जपानी माणसांना इंग्रजी जमत नाही, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. म्हणणाऱ्यांत जपानी लोकच जास्त असतात, आणि त्यांच्या पाठोपाठ इथे राहणारे आपले भारतीय.

मी टोकियोच्या निशिकासाई भागात राहते आणि संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. वर्गात एक परिचारिका आहे, बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातले एक गुणवत्ता तपासनीस आहेत. त्यांना 'फोटोसिंथेसिस' विचारा, 'सस्टेनेबल' विचारा, लगेच उत्तर येतं. अडतं ते 'टेक', 'रन', 'मीट', 'लास्ट', 'कंपनी' या शब्दांपाशी, म्हणजे जे शब्द त्यांनी बाराव्या-तेराव्या वर्षी पाठ केले आणि 'येतात' म्हणून बाजूला ठेवले, त्यांच्यापाशी.

तपासनीसांचंच सांगते. त्यांच्याकडे एक परदेशी पाहुणा आला होता. यांनी त्याला कारखाना दाखवला, जेवायला नेलं, स्टेशनपर्यंत सोडलं. परत गेल्यावर त्याचा मेल आला, 'आय रिअली एन्जॉइड युअर कंपनी.' यांच्या डोक्यात कंपनी म्हणजे काइशा, अर्थात आपली फर्म. त्यांनी तो मेल साहेबांना पाठवला आणि कंपनीच्या वतीने आभार कसे मानायचे हे विचारायला वर्गात घेऊन आले. तो माणूस तुमच्या सोबतीबद्दल बोलतोय, असं मी सांगितलं. त्यांनी तो मेल पुन्हा पहिल्यापासून वाचला. ती दाद त्यांची स्वतःची होती आणि ती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. छोट्या शब्दांचे अर्थ शिकवायलाच हवेत, असं मला वाटतं ते अशा गोष्टींमुळे.

हे होतं कशामुळे? मला वाटतं, तान्गो-चो मुळे. कडीत ओवलेली चिमुकली कार्डं असतात, एका बाजूला इंग्रजी शब्द, मागे जपानी. सकाळी तोझाई लाइनच्या मेट्रोत शाळकरी पोरं उभ्याउभ्या ती पलटत असतात. दुसरा प्रकार लाल पारदर्शक पट्टीचा. पुस्तकात उत्तर लाल शाईत छापलेलं असतं, त्यावर पट्टी ठेवली की ते दिसेनासं होतं. पाठांतराची साधनं म्हणून दोन्ही उत्तम आहेत आणि ती वापरणारी मुलं अपार कष्ट करतात. सध्याच्या अभ्यासक्रमात प्राथमिक शाळेत 600 ते 700 शब्द, पुढच्या तीन वर्षांत 1,600 ते 1,800 आणि त्यानंतरच्या तीन वर्षांत 1,800 ते 2,500 शब्द येतात. बारावीच्या अखेरीला चार-पाच हजार. पण कार्डाच्या मागे जागा एकाच शब्दाची असते. 'ॲड्रेस' म्हणजे पत्ता, संपलं. मग 'वी विल ॲड्रेस धिस इश्यू' आलं की या प्रश्नाला पत्ता कुठला, असा गोंधळ उडतो. 'लास्ट' म्हणजे शेवटचा, म्हणून 'हाऊ लाँग डिड द मीटिंग लास्ट' या वाक्यात त्यांना क्रियापदच सापडत नाही.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचं काम करणाऱ्यांनी 'रन' या एका क्रियापदाचे सहाशेहून अधिक अर्थ नोंदवले आहेत. ते सगळे कुणीच शिकत नाही, जन्माने इंग्रज असलेला माणूसही नाही. मग कुठले शिकवायचे?

हा प्रश्न जुना आहे आणि त्याच्यावर सर्वांत मन लावून काम झालं ते इथे टोकियोत आणि तिकडे ढाक्यात. इंग्रज भाषातज्ज्ञ हॅरल्ड पामर 1922 मध्ये जपानच्या शिक्षण खात्याचे सल्लागार म्हणून आले. पुढच्याच वर्षी त्यांनी इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनाची संस्था उभी केली आणि शिकणाऱ्याला आधी कोणते शब्द द्यायचे याच्या याद्या तयार केल्या. त्याच काळात मायकेल वेस्ट ढाक्याला शिक्षकांना घडवत होते आणि बंगाली मुलांसाठी सोपी वाचनपुस्तकं लिहीत होते. हे दोघे 1934 मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत एकत्र बसले. त्या कामातून वाढत गेलेली सुमारे 2,000 शब्दांची यादी वेस्ट यांनी 1953 मध्ये पुस्तकरूपाने काढली. तिच्यात शब्दाखाली त्याचे अर्थ आहेत आणि शेकडा किती वेळा कोणता अर्थ येतो, तेही. कुणीतरी बसून शब्दच नव्हे, अर्थसुद्धा मोजले! संगणक हाताशी नसताना! जे वारंवार येतं ते आधी शिकवा, क्वचित येतं ते सोडा, इतका सरळ हिशेब. आजच्या कितीतरी शब्दसंग्रहांत तो दिसत नाही. अकराव्या क्रमांकाचा अर्थ पहिल्याच्या शेजारी त्याच टायपात छापलेला असतो, आणि बिचारं पोर दोन्ही सारख्याच निष्ठेने पाठ करतं.

पामर यांच्या संस्थेत ए. एस. हॉर्नबी होते. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर जपानी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी-इंग्रजी कोश केला, तो 1942 मध्ये ऐन युद्धात टोकियोत निघाला. 1948 मध्ये ऑक्सफर्डने तोच पुन्हा छापला. आपल्याकडे अकरावी-बारावीला, स्पर्धा परीक्षांना जो जाडजूड 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' कोश घेतात, त्याचं मूळ हे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकताना माझ्या टेबलावर एका बाजूला तो कोश असायचा आणि दुसऱ्या बाजूला जपानी कोश. पहिलाही जपानचाच आहे हे मला कितीतरी वर्षांनी कळलं आणि फार आनंद झाला.

आता काताकानाबद्दल, म्हणजे परकीय शब्द ज्या जपानी लिपीत लिहितात तिच्याबद्दल, कारण अडचण कार्डापुरती नाही. इंग्रजी शब्द जपानीत आला की तो बहुतेकदा एकच अर्थ घेऊन येतो आणि तोच डोक्यात पक्का बसतो. 'साबिसु' म्हणजे दुकानदाराने वर फुकट दिलेली वस्तू. 'मान्शोन' म्हणजे साधा फ्लॅट. 'कान्निंगु' म्हणजे परीक्षेत कॉपी करणं. आपण त्यासाठी 'कॉपी' घेतला, त्यांनी 'कनिंग'. नव्या आलेल्या पुणेकर अभियंत्यांना मी 'तेन्शोन'बद्दल आवर्जून सांगते. आपल्याकडे टेन्शन म्हणजे काळजी. जपानी सहकारी 'आज माझं तेन्शोन वाढलंय' म्हणाला तर त्याला धीर द्यायला जाऊ नका, तो खुशीत आहे.

याहून सुंदर प्रकार म्हणजे एका इंग्रजी शब्दाचे अर्थ जपानीने चक्क दोन शब्दांत वाटून टाकले आहेत. बेसबॉलमधला तो 'सुतोराइकु' आणि कामगारांचा संप तो 'सुतोराइकी'. कपड्यांची इस्त्री ती 'आइरोन', गोल्फची काठी 'आइआन'. 'माशिन' म्हणजे यंत्र, 'मिशिन' म्हणजे शिलाईचं यंत्र. खिडकीची काच 'गारासु', ती डचांकडून आली. पाणी प्यायचा पेला 'गुरासु', तो इंग्रजीतून. अशा घरात वाढलेल्या माणसाला हे दोन्ही इंग्रजीत एकच आहेत असं सांगितलं की तो थबकतो, आणि ते स्वाभाविक आहे. त्याच्या भाषेने नीट लावून ठेवलेल्या वस्तू इंग्रजीने एकाच पिशवीत कोंबल्यासारख्या त्याला वाटतात.

वर्गात मी एकेका शब्दाला एक मोठा कागद देते. कागदावर अर्थ लिहायचे नाहीत, फक्त वाक्यं, आणि तीही आठवड्यात कुठेतरी प्रत्यक्ष भेटलेली. औषधाच्या डबीवरचं, विमानतळावरचं, साहेबांच्या मेलमधलं. जपानी पुस्तकांत प्रत्येक शब्दाचं एक मूळ चित्र काढून त्यातून सगळे अर्थ उलगडायची पद्धत आहे. 'ऑन', 'ओव्हर' अशा शब्दांना ती छान लागू पडते, मी वापरते. पण 'टेक'चे सगळे अर्थ एका चित्रातून काढायला गेलं की ओढाताण होते, तिथे वाक्यंच हवीत.

'टेक'चा कागद आम्ही भरला तेव्हा मजा आली. इंग्रजीत औषध 'टेक', जपानीत ते पितात, गोळी असली तरी. इंग्रजीत आंघोळ 'टेक', जपानीत तिच्यात शिरतात. परीक्षेचं तर फारच छान आहे. इंग्रज परीक्षा घेतो, जपानी ती स्वीकारतो आणि आपण ती देतो. बँकवाल्या आजोबांनी विचारलं, 'सेन्सेइ (म्हणजे बाई), देता म्हणजे कुणाला?' मला उत्तर सुचलं नाही, अजून शोधते आहे.

आणि 'वेअर'. शर्टाला 'किरु', पँट आणि बुटांना 'हाकु', टोपीला 'काबुरु', चष्म्याला 'काकेरु', टायला 'शिमेरु'. सगळ्याला इंग्रजीत एकच 'वेअर' हे ऐकून ते हळहळतात, आणि मीही. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, गजरा माळतो, चष्मा लावतो. इंग्रजी शिकताना आपल्याला हे सगळं एका शब्दात गुंडाळावं लागलं होतं, त्यामुळे त्यांना काय वाटतं ते मराठी माणसाला आतून कळतं.

त्यातला तो 'काकेरु' मी मुद्दाम मागे ठेवला होता. जपानी शिकणाऱ्याला त्याचे अर्थ नकोसे होतात, पानंच्या पानं असतात. मला ते चटकन आले, कारण माझ्याकडे 'लावणे' होतं. फोन लावणे, कुलूप लावणे, चष्मा लावणे, गाणी लावणे, गजर लावणे, ब्रेक लावणे, एखाद्या कामाला वेळ लावणे, या सगळ्यांना जपानीत 'काकेरु' चालतं. शिवाय आपल्या 'लावणे'ला जसं 'लागणे' आहे तसं त्यांच्या 'काकेरु'ला 'काकारु' आहे. वेळ लागतो, जिकान गा काकारु. कुलूप लागलंय, कागी गा काकात्ते इरु. अर्थात झाड लावणं, जीव लावणं तिकडे जात नाही, आणि गुणाकाराला ते 'काकेरु' म्हणतात ते इकडे येत नाही. पण हा तक्ता मी फळ्यावर काढते आणि सांगते की तुमच्या एका शब्दासाठी इंग्रजाला कॉल, लॉक, वेअर, प्ले, सेट, स्पेंड, अप्लाय इतके लागतात. तो जपानी शिकताना जिथे अडखळतो तिथे तुम्ही सहज चालता. असं म्हटलं की वर्गाचे खांदे जरा सैल होतात. अनेक अर्थ हा इंग्रजीचा खोडसाळपणा नाही, हे त्यांच्या स्वतःच्या शब्दातून पटतं.

परिचारिका ताईंसाठी मात्र हा जिवाशी गाठ असलेला विषय आहे. आमच्या एदोगावा वॉर्डात भारतीय कुटुंबं बरीच आहेत. एकदा कुणी रुग्ण 'लूज मोशन' म्हणाला. त्यांच्या कार्डावर मोशन म्हणजे हालचाल, लूज म्हणजे सैल. त्यांना आधी सांधेच आठवले. त्या दिवसापासून त्यांनी 'पास'चा कागद स्वतःहून घेतला. 'पास अवे' म्हणजे मरण पावणं, 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणं, 'पास स्टूल' म्हणजे शौचाला होणं. त्यात मी आपल्याकडचा 'पास आउट' जोडला, अमुक साली कॉलेजातून पास आउट झालो, तो. फोनवर कुणाचा मुलगा 'माय फादर पास्ड आउट' म्हणाला तर पुढची दोन मिनिटं काय करायचं हे या एका जोडशब्दावर ठरतं. हा शब्द कुठल्याही दुर्मीळ शब्दाच्या कितीतरी आधी शिकवायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

बदल होत नाहीत असं नाही. 2021 पासून विद्यापीठ प्रवेशाची जी नवी सामाईक परीक्षा आली तिच्यातून उच्चार-आघाताचे सुटे प्रश्न गेले, लेखी भाग सगळा वाचनाचा झाला. उताऱ्यातल्या शब्दाला पाठ केलेला एक अर्थ पुरत नाही, हे मुलांना आता लवकर कळतं.

मागच्या आठवड्यात 'प्ले' घेतला. वाद्यांमुळे तो लांबेल असं वाटलं होतं, कारण जपानीत पियानोला वेगळं क्रियापद, बासरीला वेगळं, ढोलाला वेगळं. पण तपासनीस पुढे आले आणि त्यांनी कागदावर स्टिअरिंगचं चक्र काढलं. चक्र थोडं फिरवलं तरी चाक वळत नाही, त्या मोकळीकीला जपानीत 'आसोबी' म्हणतात, म्हणजे खेळ, आणि इंग्रजीत 'प्ले'. हा अर्थ त्यांना कुणी शिकवला नव्हता, तो कारखान्यातून आला होता. पुण्यातला गॅरेजवालाही 'स्टिअरिंगला प्ले आलाय' असंच म्हणतो, हे मी सांगितलं. त्यांनी ते वाक्य मला देवनागरीत लिहायला लावलं आणि खाली जपानीत उच्चार लिहून घेतला. पुढचा शब्द 'गेट' आहे, आणि आजोबांनी आतापासूनच दोन कागद मागून ठेवले आहेत.