आमची वाटचाल : शिंप्याची टेप आणि चाळिशी

चष्म्याच्या दुकानाची जागा ठरायच्या आधी आठ महिने आम्ही फक्त लोकांना भेटत होतो. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी; धाकटा भाऊ हिशेबात पक्का. नोकरीत बारा वर्षं डोळे तपासल्यामुळे गिऱ्हाईक मला ठाऊक आहे, असं मी धरूनच चालले होते. भावाने एकदा विचारलं, "ताई, जे तुझ्यापर्यंत आले ते तुला माहीत. जे कधी आलेच नाहीत, त्यांचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग अठरा प्रश्नांचा कागद तयार केला. डोळ्यांचा काही त्रास आहे का? चष्म्याचं नवीन दुकान निघालं तर याल का? पहिल्या प्रश्नाला बहुतेकांनी नाही म्हटलं, दुसऱ्याला हो. दोन्ही उत्तरांचा आम्हाला उपयोग झाला नाही. समोरच्याचं मन राखायला माणूस हो म्हणतोच, आणि जी गोष्ट हळूहळू बिघडते तिला कुणी त्रास म्हणत नाही.

खरी वाट दाखवली ती शिवणकाम करणाऱ्या एका काकांनी. वय पन्नाशीला टेकलेलं. "डोळे एकदम ठणठणीत," म्हणाले आणि समोरच्या भिंतीवरचा बारीक मजकूर घडाघडा वाचून दाखवला. बोलता बोलता त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला. हात पुढे, मान मागे, तोंड दिव्याकडे. दोऱ्याचं टोक तीनदा ओलं केलं आणि शेवटी सुई शेजारच्या पोराच्या हातात दिली. "हे त्याचंच काम," म्हणाले. भावाने त्यांच्याच गळ्यातली टेप मागून घेतली आणि मघासारखी सुई धरायला सांगून डोळ्यापासूनचं अंतर मोजलं. ६५ सेंटीमीटर भरलं. जवळच्या कामाला साधारण ४० धरतात. नंबर तपासताना भिंगं बदलून पाहायची चौकट असते, त्या ट्रायल फ्रेममध्ये मी प्लस पावणेदोन नंबरची भिंगं घातली. काका काहीच बोलले नाहीत. कापडाची वीण बोटाने चाचपत राहिले, आणि मग दोरा एका झटक्यात ओवला.

आपल्याकडे चाळिशी म्हणजे वयही आणि चष्माही. त्या सुमारास डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळचं नीट दिसेनासं होतं. लांबचं मात्र शाबूत राहतं, म्हणून दोष दिव्याला, छपाईला, दोऱ्याला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात, चाळिशीचा चष्मा न मिळाल्यामुळे जवळचं नीट न दिसणाऱ्यांची संख्या ८२ कोटी ६० लाख दिली आहे. हा आकडा मी आधीही वाचला होता. काकांच्या हातातली सुई पाहिल्यावर तो मला कळला. आसामच्या चहामळ्यांतल्या चाळिशी ओलांडलेल्या कामगारांवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळचा चष्मा मिळालेल्यांची उत्पादकता न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली होती. म्हणजे हा चष्मा थेट कमाईशी जोडलेला आहे.

त्यानंतर आम्ही मत विचारणं सोडलं आणि घडलेलं विचारू लागलो. डोळे शेवटचे कधी तपासले? कशामुळे गेलात? त्या चष्म्याचं पुढे काय झालं? हातात छापील कागद द्यायचा आणि तो कुठवर लांब जातो ते पाहायचं. यातून एक भीती वारंवार पुढे आली: "एकदा चष्मा लावला की नंबर वाढतच जातो." वयाबरोबर नंबर वाढतो, चष्म्यामुळे नाही. हे एवढं नीट समजावणारं कुणी भेटलं नव्हतं, म्हणून कितीतरी जण पाच-पाच वर्षं अडून राहिले होते.

मुलांची गोष्ट वेगळी. फळ्यावरचं धूसर दिसतं हे मूल सांगत नाही, कारण सगळ्यांना तसंच दिसतं असं त्याला वाटतं. चष्मा मुलाचा, निर्णय आईबापांचा आणि पहिली शंका बहुधा शिक्षकांची. म्हणून आम्ही तिघांशीही बोललो. मधुमेह असलेल्यांची नोंद वेगळी ठेवली. त्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायलाच हवा आणि ते काम नेत्रतज्ज्ञाचं. दुकान सुरू होण्याआधीच अशा लोकांना कुठे पाठवायचं ते ठरवलं.

आमचा पहिला बेत तरुणांसाठी भारी फ्रेम ठेवण्याचा होता. तो आम्ही बदलला. भांडवलाचा मोठा वाटा तपासणीच्या साधनांवर आणि साध्या, टिकाऊ जवळच्या चष्म्यांवर घातला. वेळ संध्याकाळी उशिरापर्यंत ठेवली, कारण बारीक काम करणारा माणूस दिवसाउजेडी हातचं काम सोडत नाही. नंबर काढण्याआधी मी आजही विचारते, "काम काय करता, आणि ते डोळ्यांपासून किती लांब असतं?" शिंप्याचं अंतर वेगळं, संगणकावर बसणाऱ्याचं वेगळं.

दुकान उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात काका आले. सोबत काकू आणि दोन कारागीर. आल्या आल्या त्यांनी गळ्यातली टेप काढून भावाच्या हातात दिली आणि काकूंना म्हणाले, "बस इथे. सुई धरून दाखव."