कॉन तुम: रविवारची सकाळ धरून आखायचा मुक्काम

व्हिएतनामच्या मध्य पठारावरचं कॉन तुम दोन दिवसांत निवांत बघून होतं, पण ते दोन दिवस शनिवार-रविवारच असायला हवेत. मधल्या वारी गेलात तर लाकडी चर्चची इमारत दिसेल, ती माणसांनी भरलेली दिसणार नाही. बाकीची आखणी या एका गोष्टीभोवती करा.

गावाला विमानतळ नाही. जवळचा विमानतळ प्लेकूचा, दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवर. हो ची मिन्ह सिटी आणि हनोईहून तिथे विमानं येतात, पुढे टॅक्सी किंवा बस. आम्ही दोघं दा नांगला होतो, म्हणून शुक्रवारी सकाळी बसने निघालो. अंतर ३०० किलोमीटरच्या आसपास, रस्ता घाटाचा, सहा-सात तास धरून चाला. हा प्रवास दिवसाच करा. लो सो घाटात एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला दरी अशी वळणामागून वळणं येतात, ती झोपेत घालवायची नाहीत. मात्र ज्यांना गाडी लागते त्यांनी निघण्याआधी गोळी घ्यावी. आमच्या बसमध्ये पिशव्यांना बरीच मागणी होती. घाट उतरल्यावर डाक तो लागतं. व्हिएतनाम युद्धात, १९६७ आणि १९७२ साली, इथे घनघोर लढाया झाल्या. आता तिथल्या स्मारकापाशी रणगाडे उभे आहेत.

तिकीट काढताना एक घोळ होऊ शकतो. १ जुलै २०२५ पासून कॉन तुम प्रांत क्वांग न्गाई प्रांतात विलीन झाला, आणि देशभरातला 'शहर' हा मधला प्रशासकीय स्तरही गेला. त्यामुळे हॉटेलच्या पत्त्यात 'क्वांग न्गाई' दिसलं तर घाबरायचं कारण नाही. पण बस क्वांग न्गाईची धरलीत, तर उतराल ते सुमारे २०० किलोमीटर लांब, समुद्राकाठी. उतरायचं ठिकाण नकाशावर दाखवून खात्री करून घ्या.

आता चर्च. बांधकाम १९१३ ला सुरू झालं आणि १९१८ ला पुरं झालं. आराखडा फ्रेंच मिशनऱ्यांचा, पण इमारत खांबांवर उचललेली, इथल्या बानार आदिवासींच्या घरांसारखी. सगळा सांगाडा गडद तांबूस लाकडाचा. भिंतींना सिमेंट नाही. माती आणि गवताचा काला करून लिंपलेल्या आहेत. आत जाऊन खांबाला हात लावून बघा, शंभर वर्षांच्या वावराने लाकूड कसं गुळगुळीत झालंय ते कळेल. शनिवारी दुपारी आम्ही हे सगळं सावकाश पाहिलं आणि बानार भाषेतली प्रार्थना रविवारी किती वाजता, ते आवारात विचारून ठेवलं. तुम्हीही तसंच करा, कारण रविवारी भल्या सकाळपासून एकामागून एक प्रार्थना असतात आणि सगळ्या बानारमध्ये नसतात.

रविवारी आम्ही मागच्या बाजूला उभे राहिलो. आसपासच्या पाड्यांवरून बायका आल्या होत्या, काळ्या हातमागाच्या कापडावर लाल पट्टे असलेली वस्त्रं नेसून, पाठीला झोळीत मुलं बांधून. गाणं सुरू झालं की ते फक्त पुढच्या गायकवृंदाचं राहत नाही, अख्खं चर्च गातं. ख्रिस्ती नसलात तरी कोणी हटकत नाही. खांदे-गुडघे झाकलेले असावेत आणि प्रार्थना चालू असताना फोन खिशात राहू द्यावा, एवढं सांभाळलं की झालं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाणार असाल तर खोली फार आधी घ्या, नाताळला इथे तोबा गर्दी असते.

चर्चपासून थोड्या अंतरावर बिशप हाउस आहे, १९३५ चं. फाटकापासून इमारतीपर्यंत दुतर्फा चाफ्याची झाडं आहेत. आत आदिवासींच्या वस्तूंचं छोटं संग्रहालय आहे, अर्धा तास पुरे.

शनिवारची संध्याकाळ नदीसाठी ठेवा. डाक ब्ला नदी समुद्राकडे पाठ करून पश्चिमेला वाहते आणि तिचं पाणी कंबोडियातून मेकाँगला मिळतं. काठावरच्या इंदोचाइन कॅफेचं छत बांबूच्या उलट्या शंकूंनी तोललेलं आहे. वास्तुकार व्हो त्राँग न्गिया. कॉफी कडक, कारण हा मुलूख रोबस्टा जातीच्या कॉफीचा. साखर-दूध सोसत नसेल तर आधीच सांगा, नाहीतर कपाच्या तळाशी बोटभर कंडेन्स्ड मिल्क येतं.

कॉन क्लोर हा झुलता पूल आणि त्याच्याजवळचं 'रोंग' म्हणजे गावाचं सार्वजनिक घर, हे सायकलवर सहज होतं. रोंगचं गवताने शाकारलेलं छप्पर अंगापेक्षा कितीतरी उंच आणि कुऱ्हाडीच्या पात्यासारखं निमुळतं. चढायला शिडी म्हणजे खाचा पाडलेलं एक झाडाचं खोड. वर जायच्या आधी कोणाला तरी विचारा. पूल ओलांडून पुढे गेलात की काही किलोमीटरवर कॉन को तु हे बानार गाव लागतं. तिथे रोख पैसेच बाळगा.

स्कूटर भाड्याने मिळते, परवाना कोणी विचारत नाही, आणि गोम तिथेच आहे. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते-वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा. व्हिएतनाम मानतो तो १९६८ च्या करारातला. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. गाव सपाट आहे, सायकल उत्तम.

खाण्यात इथली खासियत 'गॉय ला', पानांचं सॅलड. ताटात चाळीसच्या वर जातींची पानं येतात: मोहरीची, पेरूची, आंब्याची कोवळी, आणि चक्क उंबराची. मोठ्या पानाचा शंकू करायचा, त्यात दोन-चार आंबट-तुरट पानं, मीठाचा खडा, मिरी, मिरची, वर आंबवलेल्या भाताची दाट चटणी घालून अख्खा घास तोंडात. मूळ पदार्थात डुकराचं मांस आणि कोळंबी असते आणि चटणीतही तेच. माझी बायको शाकाहारी. तिने पानं, मीठ आणि मिरीवर वेळ मारून नेली आणि रात्री शाकाहारी खाणावळीत टोफू-भात जेवली. 'तोय आन चाय' (मी शाकाहारी आहे) आणि 'खोंग नुऑक माम' (फिश सॉस नको) ही दोन वाक्यं व्हिएतनामी लिपीत फोनमध्ये ठेवा. उच्चारावर विसंबू नका.

मांग देनचं पाइनचं जंगल पन्नास-साठ किलोमीटरवर आहे आणि हॉटेलवाले ते गळ्यात मारतातच. तिसरा दिवस असेल तरच जा. नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला. मेपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस.

रविवारी परतताना प्लेकूहून विमान असेल तर टॅक्सीवाल्याशी निघण्याआधीच बोलून घ्या: प्लेकूच्या अलीकडे, हमरस्त्यापासून थोडं आत, बिएन हो हे ज्वालामुखीच्या विवरातलं तळं आहे. तासभर थांबायचे पैसे वेगळे ठरवा.