अंत्रुजातील जुन्या घराचे वर्ष

पाहुण्यांच्या हिशेबाने गोव्याचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि मार्चअखेर ओसरतो. अंत्रुज महालातील, म्हणजे फोंडा तालुक्यातील, आमच्या घराचे वर्ष मात्र वैशाखात सुरू होते. सुट्टीसाठी येणाऱ्यांना या घरातील खोल्या द्यायला लागल्यापासून माझे एक मत दिवसेंदिवस पक्के होत गेले आहे : बुकिंग घराच्या कलाने घ्यावे, बुकिंगसाठी घराला वाकवू नये.

मे महिन्यात आम्ही कोणालाही खोली देत नाही, कारण तेव्हा कौले परतायची असतात. सुतार आणि त्याचे गडी एकेक कौल उचलतात, पाठीवरचे वाळलेले शेवाळ खरवडतात आणि बोटाने टिचकी मारून पाहतात. खणखणीत वाजले तर ते पुन्हा रिपांवर चढते, बद्द वाजले तर तडा गेला असे समजून बाजूला पडते. काही कौलांच्या पोटाशी बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेचा ठसा आणि १८६५ हे साल आहे. पुष्कळ पाहुणे ते घराचे साल समजतात. वस्तुतः ते त्या मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला त्याचे साल आहे. घर त्याहून जुने असून त्यापूर्वी त्यावर नळे (अर्धगोल देशी कौले) होते. छप्पर उघडे असतानाच वाशांना वाळवी लागली आहे का ते पाहून काजूच्या टरफलांचे तेल फासतात, आणि त्याचा उग्र वास बरेच दिवस माजघरात रेंगाळतो.

भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, आहेत. चिरा सच्छिद्र असल्यामुळे तो पावसाळ्यात ओल पितो आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकतो, म्हणून त्यावर चुन्याचाच गिलावा शोभतो. मागील पिढीत एका भिंतीला सिमेंट लावले गेले. ओलीला वाट न उरल्याने ती आतून फुगली आणि रंगाचे पापुद्रे पडू लागले. ते सिमेंट काढून, चुना नीट मुरू देऊन नवा गिलावा करायला वेळ आणि पैसा दोन्ही भरपूर लागले, पण आज घरातील सर्वांत कोरडी भिंत तीच आहे.

पावसाळ्यात येणारे पाहुणे थोडे असतात, आणि माझ्या मते या घराचे खरे पाहुणे तेच. राजांगणाच्या, म्हणजे घरामधल्या उघड्या चौकाच्या, चारही बाजूंनी पागोळ्या धरतात आणि तुळशीवृंदावनाभोवती साचलेले पाणी दगडी मोरीतून थेट कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, पाटात जाते. वर पारदर्शक पत्रा घालून तिथे जेवणाची मेजे मांडण्याचा सल्ला अनेकांनी दिला. मी तो मानला नाही, कारण घरातील गरम हवा त्याच चौकोनातून वर निघून जाते आणि त्यामुळेच आमच्या खोल्यांना वातानुकूलन लागत नाही. ताटात तेव्हा उन्हाळ्यात भरून ठेवलेले पुरुमेत (पावसाळ्यासाठीची साठवण) असते : सोलांची कढी, मिठातल्या कैऱ्या, आणि जोडीला परसात उगवलेल्या तायकिळ्याची (टाकळ्याची) भाजी.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घर पूर्णपणे आमचे असते. त्या दिवसांसाठी कोणी दुप्पट भाडे देऊ केले तरी मी नकार देते, कारण एरवी पाहुण्यांना दिलेल्या खोल्या मुंबईच्या आणि बेळगावच्या भाऊबंदांच्या आहेत. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला बांधायची रानफळे, नारळ, सुपारीचे घोस आणि काकड्या ओटीवर पसरल्या की चालायलाही जागा उरत नाही. १५६० साली मंगेश देव कुशस्थळीहून झुवारी ओलांडून प्रियोळला आले. आमचे पूर्वजही त्याच काळात याच वाटेने आले, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. मुले ती कथा दर चवथीला नव्याने ऐकतात आणि मला ते फार मोलाचे वाटते.

दिवाळीनंतर जत्रा लागतात आणि पाहुण्यांची वर्दळ सुरू होते, त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. सकाळी त्यांना कुळागर दाखवावे, पोफळीवर चढलेली मिरवेल आणि फुटून लाल जायपत्री दाखवणारे जायफळ हातात द्यावे, एवढे पुरते.

हिशेब मात्र सांगायला हवा. पर्यटन व्यवसायाच्या १९८२ च्या नोंदणी कायद्याखाली घर नोंदवण्यापूर्वी आम्ही सर्व वाटेकऱ्यांना एकत्र बसवले. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या नियमाने गोव्यात मुलगे आणि मुली दोघेही वारस ठरतात, हे न्याय्यच आहे. परंतु पिढ्या उलटल्या की वाटेकरी वाढतात, सह्या जुळत नाहीत आणि कुलपे तशीच गंजतात. आमच्या वाड्यावरच (वस्तीतच) अशी घरे आहेत, ज्यांची कौले आत कोसळली आहेत. म्हणून आम्ही असे ठरवले की पाहुण्यांकडून येणाऱ्या पैशांतून आधी डागडुजी आणि कामगारांची मजुरी भागवावी, आणि उरेल त्याचीच वाटणी करावी. काही वर्षी वाटायला काहीच उरत नाही, तरी आजवर एकाही वाटेकऱ्याने तक्रार केलेली नाही.