हात दाखवून अवलक्षण

शिव्या देणाऱ्या मोटारवाल्यानं निदान सायकलवाल्याला पाहिलेलं तरी असतं. खरी धास्ती त्या सज्जनाची, जो वाहत्या रस्त्यात गाडी थांबवून हसत हसत "जा, जा" असा हात करतो. त्याचा मान राखून सायकल पुढे घालावी, तर मागच्या गाडीवाल्याला यातलं काहीच दिसलेलं नसतं. तो वैतागून बाजूनं गाडी काढतो. हात दाखवून अवलक्षण ते हेच. ज्याची पाळी त्यानं जावं. रुक्ष आहे, पण पुढे काय होणार हे सगळ्यांना कळतं.

त्यापेक्षा अंतर द्यावं. जर्मनीत २०२० पासून सायकल ओलांडताना वस्तीत किमान दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर जागा सोडायचा नियम आहे. एवढी कशाला? कारण सायकल सरळ रेषेत चालतच नाही. तोल सावरायला हँडल सारखं किंचित हलत असतं, आणि वेग जितका कमी तितकी ही नागमोड मोठी. गंमत म्हणजे डावीकडे झुकायलाही हँडल आधी क्षणभर उजवीकडे न्यावं लागतं. त्यात मान वळवून मागे पाहिलं की खांद्याबरोबर हँडलही त्याच बाजूला ओढलं जातं. म्हणून अगदी पाठीशी येऊन हॉर्न मारू नये. दचकून वळलेला सायकलवाला नेमका गाडीसमोरच येतो. द्यायचाच तर लांबून, हलका.

"कडेनं चालव की!" ही जुनी तक्रार. पण कडेला खडी, गटाराच्या जाळ्या आणि उभ्या गाड्या. त्यांचं दार जवळपास मीटरभर उघडतं, आणि ताशी २० किलोमीटरनं येणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर कापते. दार त्याच्यापासून लांबच्या हातानं उघडलं, तर धड आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. फुकटचा उपाय आहे.

सायकलवालेही काही संत नव्हेत. दिवा समोरच्याच्या डोळ्यांवर रोखलेला, वळायचा हात अगदी वळताना दाखवलेला. हात आधी दाखवावा आणि वळण्यापूर्वी पुन्हा ब्रेकवर आणावा. सिग्नलला ट्रकच्या कुशीत तर शिरूच नये: आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, आणि वळताना मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून येतात.

राहिले आभार. खड्ड्यांच्या रस्त्यावर त्यासाठीही हात सोडू नये; मान हलवली तरी पोचतं.